कूलरच्या खोलीचा डाव

"यंदा कूलर आपला!"

मोताळ्याहून सोनाळ्याला निघताना देवानंदने गाडीला किल्ली लावली आणि बायकोला जाहीर करून टाकलं. आवाज असा, की जणू कूलर डिकीत घालूनच निघाला आहे.

"दरवर्षी असंच म्हनता," रेणुका म्हणाली आणि खिडकीची काच वर केली. बाहेर झळा सुटल्या होत्या.

"दरवर्षी मी विनंती करत होतो. यंदा मी जिंकून घेनार हाय!"

आता या कूलरचं प्रकरण आधी सांगायला हवं. देवानंदचे सासरे किसनराव यांच्या सोनाळ्याच्या घरात खोल्या चार आणि कूलर एक. कूलर म्हणजे लोखंडी, चांगला पुरुषभर उंच, मागच्या खोलीच्या खिडकीला बसवलेला. उन्हाळ्यात तिकडे नुसता पंखा लावला तर तो गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो, बाकी काही करत नाही. त्यामुळे कूलरची खोली कोणाची, यावर घरातला मान ठरतो. पाच-सहा वर्षांपूर्वी धाकटी अर्पिता पुण्याच्या सोहमला दिली. पहिल्याच उन्हाळ्यात सोहमच्या पाठीवर घामोळं उठलं. सासूबाई विमलबाई घाबरल्या, त्यांनी त्याचा बिछाना कूलरसमोर नेऊन टाकला, आणि तेव्हापासून ती खोली त्याच्याच नावावर चढली. थोरला जावई देवानंद मोताळ्याचा. "तुमी काय, आपल्या इकडचेच!" असं कौतुकाने म्हणून त्याला आणि रेणुकाला गच्चीवर पाठवलं जायचं. कौतुकाने उकाडा कमी होत नाही.

रेणुका कधी बोलली नाही. फक्त मागच्या वर्षी परत येताना म्हणाली होती, "आपल्याच मायघरी पाहुनी म्हनून रायचं असंन, तं पुन्याचाच नवरा करा लागते वाटते." ते देवानंदला लागलं होतं. बायकोचं एवढं एकच म्हणणं होतं आणि तेही आपल्याला पुरवता येत नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

देवानंद कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. उन्हाळ्याच्या सुटीत त्याला मोबाइलवर पोकर सापडला होता. फुकटचा खेळ, खोटे ठोकळे, पण त्याने तो बारावीच्या परीक्षेसारखा मनावर घेतला. दोन महिन्यांत त्याचं मत पक्कं झालं की हा पत्त्यांचा खेळच नाही, हा टक्क्यांचा खेळ आहे, आणि टक्के आपल्याला कळतात. मग त्याने फोनवर साडभावाला, म्हणजे सोहमला, डिवचलं. सोहमच्या ऑफिसात दर शुक्रवारी पोकर चालायचा, तो लगेच तयार झाला. "टूर्नामेंट खेळू दादा. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला कूलरची खोली. चालेल?"

चालेल म्हणजे काय! देवानंद याचसाठी तर टपला होता.

"पाय, समजा माह्या हातात दोन बदाम हायेत," गाडी चालवता चालवता त्याने रेणुकाला शिकवायला घेतलं. "मधात तीन पानं उघडली, त्यात अजून दोन बदाम. चार झाले. कलर म्हंजे एकाच रंगाची पाच पानं, तो व्हाले एक पाह्यजे. तेरातले चार गेले, राह्यले नऊ. दोन पानं यायची असतीन तं नवाले चारनं गुनायचं, छत्तीस टक्के. एकच पान यायचं असंन तं दोननं गुनायचं, अठरा टक्के. मंग त्या पानाच्या मागं धावायचं का पॅक करायचं, हे आपोआप समजते."

"अन् नाई आला बदाम तं?"

"तेच तं! नुस्तं मागं नाई धावायचं, आपनच मोठी चाल करायची. समोरचा भ्याला अन् पळाला, तं बिना पानाचं जिंकलो. नाई पळाला, तं बदाम येऊ शकते. दोन्हीकडून आपलाच फायदा!"

"अन् समोरचा पळाला बी नाई अन् बदाम बी आला नाई तं?"

देवानंदने गिअर बदलला. वर्गातही असे प्रश्न विचारणारी पोरं त्याला आवडत नसत.

अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचा. घरात जावयांची चैन. दुपारी दोघांना पाटावर बसवून ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, तुपाची धार सोडली आणि विमलबाईंनी दोघांपुढे तेहतीस-तेहतीस अनारशांचं एकेक ताट ठेवलं. जावई म्हणजे विष्णू, त्याला दान द्यायचं ते तेहतीसच्या मापात, हे काय नव्याने सांगायला हवं? देवानंदने त्यातले सहा तिथेच संपवले. तेहतीस हा आकडा असा त्याच्या समोर, ताटात, खसखस लावून मांडलेला होता. हे लक्षात ठेवा, कारण तो विसरला.

जेवणं झाली, झळांपायी दारं-खिडक्या लावल्या, आणि ओसरीत सतरंजी अंथरली गेली. ठोकळे कोणी आणले नव्हते. पण चिंच फोडायचे दिवस, कोपऱ्यात चिंचोक्यांचं पोतं पडलेलं. प्रत्येकी शंभर चिंचोके मोजून वाटले. किसनराव म्हणाले, "मी बी खेयतो. तीन पत्ती काय, अन् पाच पत्ती काय!" चौथा गडी म्हणून त्यांनी बायकोलाही ओढलं.

"मले कुठं येते?" विमलबाई म्हणाल्या. त्या जावयांना वाढून आता कुठे स्वतःचं ताट घेत होत्या. "तुमी चालू करा. मी दोन घास खाऊन येते. माह्ये चिंचोके राहू द्या तसेच."

नियम ठरले. दोन पानं हातात, पाच मधे. आधी तीन उघडायची, मग एक, मग शेवटचं. दर डावाला बूट, म्हणजे पानं बघण्याआधीच प्रत्येकाने मधे टाकायचे चिंचोके, आणि तासातासाने बूट वाढणार. चिंचोके संपले की माणूस बाद. अर्पिता आणि रेणुका बाजूला चिंच फोडत बसल्या, दोघींचा एक कान पत्त्यांकडे.

देवच पावल्यासारखं तिसऱ्याच डावात देवानंदला दोन बदाम आले, राजा आणि नव्वी. मधे तीन पानं उघडली, त्यात बदामाची सत्ती, बदामाची पंजी आणि एक किलवरची दुर्री. अगदी गाडीत सांगितलं तसं! त्याने रेणुकाकडे अर्थपूर्ण पाहिलं आणि तीस चिंचोक्यांची चाल केली. सोहमने विचार केला, भुवया उडवल्या आणि पानं टाकली. नियमाप्रमाणे पळाला! राहिले किसनराव.

किसनरावांनी शांतपणे तीस मोजून पुढे केले.

चौथं पान, इस्पिक राणी. देवानंदने आणखी तीस लावले, चेहरा असा केला की जणू कलर केव्हाच लागला आहे. किसनरावांनी पुन्हा तीस मोजले. शेवटचं पान चौकटची तिर्री. बदाम नाही. शो झाला. देवानंदच्या हातात नुसता राजा. किसनरावांच्या हातात एक दुर्री, मधली एक, दोन दुर्र्यांची जोडी!

"मामाजी!" देवानंद जवळजवळ ओरडला. "दुर्रीच्या जोडीवर साठ चिंचोके? मी एवढी चाल करून राह्यलो, तुमी पॅक काऊन नाई केलं?"

किसनराव दुखावले. "जवाईबापू, तुमी पुढं केलेलं मी माघारी धाडू? अन् थे बी धोंड्याच्या महिन्यात? लोक काय म्हनतीन! उलट तुमचं गेलं याचंच मले वाईट वाटून राह्यलं. घ्या, घेऊन टाका परत."

"परत नाई घेता येत, मामाजी. टूर्नामेंट हाय."

देवानंदच्या पोथीत हा खेळाडू नव्हता. समोरचा भ्यायला तर हवा! जावयाला नाही म्हणणं हेच ज्याच्या मते पाप, त्याला चाल करून पळवणार कसा? त्याने धोरण बदललं. मामाजींसमोर थापा मारायच्या नाहीत, चांगली पानं येईपर्यंत थांबायचं. तसा तो थांबला, आणि राजाची जोडी आल्यावर गमावलेलं वसूल केलं. सोहमही काही कच्चा नव्हता. त्यानेही हेच ओळखलं, आणि सासऱ्यांना उरलेल्या चिंचोक्यांसकट धुऊन काढलं. किसनराव दोन्ही जावयांना सारखंच वाटून, समाधानाने बाद झाले आणि तक्क्याला टेकून बघत बसले.

"आता आपण दोघंच, दादा," सोहम म्हणाला.

"हाव. मामींचं काय, जातीन दोन डावात."

तेवढ्यात विमलबाई पदराला हात पुसत आल्या आणि आपल्या ढिगापुढे बसल्या. पानं वाटली. त्यांनी ती उचलली नाहीत. "आता काय करायचं असते?"

"काही नाही आई, मनात असेल तेवढे चिंचोके पुढे ठेवायचे," सोहमने समजावलं.

विमलबाईंनी चिंचोके मोजायला घेतले. एकेक, सावकाश, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. तेहतीस! छोटा ढीग केला, दोन्ही हातांनी देवानंदच्या दिशेने सरकवला आणि त्याच्याकडे पाहून हसल्या.

देवानंद चपापला. शंभरातले तेहतीस! बरोब्बर एक तृतीयांश! आणि पानं न बघता? त्याच्या हातात चौकटची दोन बरी पानं होती, पण एवढं मोजून त्यांच्या मागे धावणं टक्क्यांत बसत नव्हतं. त्याने पॅक केलं. सोहमनेही केलं.

"घ्या ना!" विमलबाई म्हणाल्या.

"नाई मामी, तुमीच घ्या."

पुढच्या डावात पुन्हा तेहतीस, या वेळी सोहमच्या दिशेने. "घ्या ना, सोहमराव!" सोहमने सासूच्या डोळ्यांत पाहिलं आणि पानं टाकली. तिसऱ्या डावात पुन्हा देवानंदकडे. मग सोहमकडे. कधी बघून नाही, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. आणि दर वेळी तेच हसू, तेच "घ्या ना!"

"दादा," सोहम वाकून कुजबुजला, "आमच्या ऑफिसात एक जण आहे. तो असंच खेळतो. पानं काहीही असोत, चाल सारखीच. म्हणजे समोरच्याला कळूच नये की हातात काय आहे. फार वरच्या दर्जाचा खेळ आहे हा."

"अन् आळीपाळीनं आपल्या दोघाईले धरून राह्यल्या, हे पाह्यलं का?" देवानंदला घाम फुटला होता. "मामाजी, मामी पह्यले कधी खेळल्या होत्या का?"

"कोन? हे?" किसनराव तक्क्यावरूनच म्हणाले. "हिले पोराईची कटपत्ती बी येत नाई!"

त्यावर कोण विश्वास ठेवणार? बूट वाढत गेला. दोघे जावई दर डावाला बूट भरायचे, तेहतीसचा ढीग आला की दचकून पळायचे. सासूबाईंचा ढीग वाढत गेला. आणि गंमत म्हणजे ढीग जसा वाढला तसा त्यांचा चेहरा पडत गेला. हसू गेलं. "घ्या ना" म्हणतानाचा आवाज बारीक झाला. दोघांनी त्याचाही अर्थ लावला. आता त्या आणखी गंभीरपणे खेळत आहेत!

शेवटी सोहमचा धीर सुटला. त्याच्याकडे चार किलवर जमले होते, पाचवा लागला की कलर. तेहतीसचा ढीग समोर येताच त्याने होते नव्हते ते सगळे चिंचोके ढकलले. "सगळे!"

"अर्पिता, पाय वं! तुह्या नवऱ्यानं सगळं दिलं!" विमलबाईंचा चेहरा एकदम उजळला. "मंग मले बी तेवढंच द्या लागन." आणि त्यांनी तेवढेच मोजून पुढे केले. आहेर आला की परत आहेर करायचा, यात विचार काय करायचा?

किलवर आला नाही. विमलबाईंनी पानं उलटली, आणि त्यात पंजीची जोडी निघाली. त्यांना ती जोडी आहे हे किसनरावांनी सांगितलं. सोहम बाद! अर्पिताने फोडत असलेली चिंच खाली ठेवली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला तिथेच घामोळं आलं असावं.

राहिले दोघे. बूट भरून देवानंदकडे चाळीसेक चिंचोके उरले, विमलबाईंपुढे डोंगर. रेणुका हात धुऊन नवऱ्याच्या मागे येऊन बसली. तिने त्याच्या खांद्याला हात लावला, आणि देवानंद मांडी सावरून ताठ बसला. कूलर भिंतीपलीकडे घरघरत होता.

पानं आली. दोन्ही बदाम! मधली तीन उघडली, त्यात एक बदाम. चौथं उघडलं, बदाम! चार झाले. आता एकच पान उरलं. वाढलेल्या बुटामुळे मधे साठेक चिंचोके होते. विमलबाईंनी तेहतीस मोजले आणि पुढे सरकवले. या वेळी त्या जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाल्या, "घ्या ना हो, जवाईबापू."

देवानंदने डोळे मिटले. नऊ बदाम शिल्लक, एक पान यायचं, दोनने गुणायचं, अठरा टक्के. मधे साठ, त्यांचे तेहतीस, आपले तेहतीस. हे परवडायला पंचवीसच्या वर टक्के हवेत. आणि मामींच्या न बघितलेल्या पानांतूनही जोडी निघते, हे सोहमच्या वेळी दिसलंच होतं. गणित स्वच्छ होतं.

"घ्या बाप्पा, काय होईन थे होईन," रेणुका कानाशी म्हणाली.

"असं नाई करता येत, रेणुका. गनित नाई म्हनते." आणि त्याने पानं टाकली.

किसनरावांना राहवलं नाही. त्यांनी हात लांब करून शेवटचं पान उलटलं. बदामाची दश्शी! मग बायकोची पानं उलटली. एक तिर्री, एक सत्ती, मधल्या कशाशीही मेळ नाही. पुढच्या डावाला बूट आणखी वाढला, त्यातच देवानंदचे उरलेले चिंचोके अडकले, तोही डाव गेला आणि खेळ आटोपला.

"आई," रेणुकाने विचारलं, "तू दरवेळी तेहतीसच काऊन ठेवत होती वं?"

"आता घ्या! मंग किती ठेवू?" विमलबाई म्हणाल्या. "धोंड्याचा महिना, समोर दोन जवाई, अन् सोहमराव म्हनले, मनात असंन थे पुढं ठेवा. तेहतीसच ठेवीन ना! एकडाव याले, एकडाव त्याले." त्यांनी पुढ्यातल्या डोंगरावर हात ठेवला. "दुपारपासून देऊन राह्यली. घ्या म्हनते, घ्या म्हनते, एकानं हात लावला नाई! उलटं मलेच देऊन राह्यले! मले वाटलं, मानपानात काई चुकलं, दोन्ही जवाई रुसले."

देवानंदने कोपऱ्यातल्या अनारशांच्या ताटाकडे पाहिलं. सत्तावीस उरले होते. त्याला इतकं ओशाळं वाटलं की सहा खाल्ल्याचंही वाईट वाटलं.

"नाई मामी, रुसलो नाई," तो म्हणाला. "आमी... हिशेब करत होतो."

"घरात कायचा हिशेब, बापू?"

सोहम सतरंजीची किनार निरखत होता.

किसनराव मात्र खुशीत उठले. "ते जाऊ द्या. कूलरची खोली विमलची! ठरलं म्हंजे ठरलं."

"मले कायले पाह्यजे खोली? मी तं सैपाकघराच्या दारातच झोपते." विमलबाई पटकन म्हणून गेल्या. त्या कूलरची टाकी रोज पाण्याने भरत होत्या, पण त्या खोलीत एकदाही झोपल्या नव्हत्या, आणि हे आजवर कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. रेणुकाने अर्पिताकडे पाहिलं, अर्पिताने रेणुकाकडे. दोघी उठल्या, आईला दोन्ही दंडांना धरून मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्याच वेळात आतून तिघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला. रेणुका माहेरी असं हसलेली देवानंदने बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

संध्याकाळी तिन्ही पुरुषांचे बिछाने गच्चीवर चढले. देवानंदने सोहमला समजावलं की पॅक करणं गणिताने बरोबरच होतं, शंभरातून ब्याऐंशी वेळा बदाम आलाच नसता. सोहमने पाठ खाजवत मान डोलावली. देवानंद जरासा सावरला. म्हटलं तर हरलो, पण बायको कूलरसमोर आहे. म्हणजे शब्द पाळल्यासारखंच झालं की! त्याने उशी थोपटली आणि आडवा होणार, तोच खालून रेणुकाची हाक आली.

"अहो! यंदा कूलर आपला म्हनत होते ना?"

"हाव!" देवानंद अभिमानाने कठड्याशी आला.

खाली दारात बायको उभी होती आणि तिच्या पायाशी दोन रिकाम्या बादल्या.

"मंग या खाली. पानी संपलं त्याच्यातलं."